पहिला बर्फ पडायच्या आत: कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी गाडीची तयारी

कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचं नुकसान झालं ते नळाच्या पाण्याने. ऑगस्टमध्ये सेकंडहँड गाडी घेतली होती. वायपरची टाकी रिकामी दिसली, तेव्हा नाशिकला करायचो तसं दोन बाटल्या साधं पाणी ओतून मोकळा झालो. नोव्हेंबरच्या शेवटी ४०१ हायवेने मिसिसॉगाहून किचनरला निघालो होतो. रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकलेलं, सगळं ओलं, आणि पुढे एक ट्रक. त्याच्या चाकांनी उडवलेला करडा राडा थेट काचेवर बसला. वायपरची दांडी ओढली तर आतली मोटार नुसती घूं घूं करत राहिली, पाण्याचा थेंब नाही. अंगण सारवावं तसा वायपरने तो राडा काचभर सारवला आणि पाहता पाहता त्याचा पांढरा पडदा झाला. बाजूच्या काचेतून रस्त्याच्या कडेची रेघ बघत बघत गाडी कशीबशी बाहेर घेतली. पाणी गोठून फुगलं होतं आणि टाकीला बोटभर तडा गेला होता, हे नंतर गॅरेजमध्ये कळलं.

बर्फ डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. पण गाडीला खरी नडते ती थंडी, आणि ती बर्फाच्या महिनाभर आधी येऊन बसते. त्यामुळे ही तयारी 'पहिला बर्फ पडला की बघू' म्हणून ढकलण्यातली नाही. पुढचं सगळं मी टोरोंटोच्या आसपासचा हिवाळा धरून लिहिलंय. विनिपेग, एडमंटनकडे थंडी फार पुढची असते, तिकडचं वेगळं काय ते मध्ये सांगतो.

पहिलं काम: टायर, आणि तेही ऑक्टोबरच्या सुरुवातीला

गेल्या वर्षी माझा भाचा आला. त्याने घेतलेल्या गाडीला ऑल सीझन टायर होते. मला म्हणाला, "मामा, ऑल सीझन म्हणजे सगळे सीझन ना? मग अजून खर्च कशाला?" म्हटलं, "अरे, इकडे ऑल म्हणजे तीन."

आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसंच साध्या टायरच्या रबराचं होतं. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते रबर कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरेनासं होतं. रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी. हिवाळी टायरचं रबर मुळातच वेगळं असतं, ते उणे तापमानातही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात.

इथे एक भाषेची अडचण आहे. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. गोळेवाल्याची गाडी आठवा: किसलेला भुगा वेगळा आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी वेगळी. आकाशातून पडतो तो भुगा, म्हणजे स्नो. तो दबून किंवा वितळून पुन्हा गोठला की लादी होते, म्हणजे आईस. भुग्यावर हिवाळी टायर छान चालतात. लादीवर तेही घसरतात, फक्त साध्या टायरपेक्षा कमी. 'आता टायर घातलेत, काही होत नाही' असं मनात आणू नका.

टायर ओळखायचा तो बाजूच्या चिन्हावरून. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची चांदणी कोरलेली असली, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसती 'एम' आणि 'एस' अक्षरं असतील तर त्यावर विसंबू नका. ती ऑल सीझन टायरवरही असतात. 'ऑल वेदर' नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यावर चांदणीचं चिन्ह असतं आणि तो बाराही महिने ठेवता येतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला तो चालून जातो. रोज बॅरीच्या बाजूला जाणं असेल, जिथे सरोवरावरून येणारे ढग एका रात्रीत गुडघाभर ओतून जातात, तर खरे हिवाळी टायरच घ्या.

टायर घ्यायचे ते चार. पुढची चाकं ओढणारी म्हणून पुढचे दोनच बदलले, तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा वळणावर निसटून गाडी गरकन फिरते. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असली तरी टायर लागतातच. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते पटकन, थांबत नाही पटकन.

साइज ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते, २०५/५५ आर १६ अशा धर्तीवर. परवडत असेल तर टायर वेगळ्या लोखंडी रिमवर बसवून घ्या. मग दर ऑक्टोबर-एप्रिलला नुसती चाकं बदलायची, टायर काढा-घाला करायची मजुरी वाचते. त्या रिममध्ये हवेचा सेन्सर नसेल तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा हिवाळाभर पेटून राहील आणि टायरमधली हवा हाताने तपासायची सवय लावावी लागेल.

जुने टायर विकत घेताना कडेला लंबगोलात चार आकडे शोधा. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलाय. नक्षी चार मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर फुकट मिळाला तरी नको. पुण्यात टायर पार गुळगुळीत होईपर्यंत रेटायची आपली सवय विमानतळावरच सोडायची. चाकं बदलल्यावर साधारण १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या. बरेच जण हे विसरतात.

क्वेबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ओंटारियोत सक्ती नाही. पण २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी हप्त्यात सूट द्यावी लागते. ती आपणहून कोणी देत नाही, फोन करून मागावी लागते, टायरचं बिल जपून ठेवावं लागतं. आणि टायरवाल्याची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवा. पहिल्या बर्फाच्या दुसऱ्या दिवशी तिथे गणपतीतल्या लालबागसारखी रांग असते.

हवा: दर पाच-सहा अंश तापमान उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. सप्टेंबरात २० अंशांना भरलेली हवा जानेवारीत उणे १० ला पाच पीएसआयने कमी दाखवते, पंक्चर नसताना. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालवण्याआधी तपासा. किती भरायची ते त्याच दारावरच्या स्टिकरवर आहे.

बॅटरी

बॅटरी मरते उन्हाळ्यात, तिचं मरण कळतं हिवाळ्यात. गरमीत ती आतून झिजलेली असते, पण उन्हाळाभर इंजिन सहज फिरतं म्हणून कळत नाही. उणे १८ च्या सुमाराला तिची निम्मी ताकदही उरत नाही. त्यात इंजिनातलं ऑइल थिजलेलं, म्हणजे फिरवायला जोर जास्त लागतो. चार वर्षांच्या पुढची बॅटरी असेल तर ऑक्टोबरमध्ये तपासून घ्या. गाडीच्या पार्ट्सची बरीच दुकानं फुकट तपासून देतात. जोडांवर पांढरा-हिरवा खार जमला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासून काढा.

सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टिक टिक ऐकू आलं, तर दुसऱ्या गाडीवरून केबल लावायची. ते एकदा घरासमोर निवांत शिकून घ्या, अंधारात उणे १५ मध्ये नव्हे. दोन्ही गाड्या बंद करून जवळ उभ्या करायच्या, एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला. काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला अजिबात लावायचं नाही. ते तिच्या इंजिनच्या एखाद्या उघड्या, न रंगवलेल्या लोखंडाला लावायचं, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. चांगली गाडी चालू करून चार-पाच मिनिटं थांबा, मग आपली. सुरू झाली की उलट क्रमाने काढा आणि अर्धा तास तरी गाडी चालवा.

याला एक अपवाद. पार उतरलेली बॅटरी आतून गोठू शकते, भरलेली सहसा गोठत नाही. डब्याच्या बाजू फुगल्या असतील किंवा तडा दिसत असेल, तर तिला केबल लावू नका. ती फुटू शकते.

प्रेअरीतल्या, म्हणजे विनिपेग-एडमंटनकडच्या मंडळींसाठी: तुमच्या गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबकळताना दिसला तर तो कुणाचा राहून गेलेला चार्जर नव्हे. तो इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर. उणे १५ च्या खाली गेलं की लावायचा. रात्रभर गरज नसते, सुरू करण्याआधी दोन-चार तास पुरतात. टायमर लावला की वीजबिलही आवरतं. टोरोंटोकडे बहुतेकांना याच्याशिवाय निभतं.

बोनेटखालची पाणी-तेलं

माझं रडगाणं सुरुवातीलाच सांगितलं, तेव्हा आधी वायपरची टाकी. उणे ४० पर्यंत न गोठणारा निळा द्रव चार लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल पंपावरही मिळतो. टाकीत उन्हाळी पाणी उरलं असेल तर दांडी ओढून ओढून ते आधी संपवा, मग निळं भरा, आणि पुन्हा थोडं उडवा म्हणजे नळीतलंही बदलेल. एक कॅन कायम डिकीत असू द्या, मिठाच्या दिवसांत आठवड्याला टाकी रिकामी होते. हा द्रव विषारी असतो. लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका, रिकाम्या सरबताच्या बाटलीत तर कधीच नको.

कूलंटचंही तेच. घाटात गाडी तापली की रेडिएटरमध्ये पाणी ओतलेलं आपण लहानपणापासून पाहिलंय. इथे ते केलंत तर इंजिनाच्या आत बर्फ होईल आणि इंजिनालाच तडा जाईल. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. गॅरेजवाला एका छोट्या उपकरणाने मिनिटात सांगतो. जुन्या मालकाने पाणी ओतलंय का, हे सेकंडहँड गाडीत तपासलंच पाहिजे.

ऑइलच्या डब्यावर ५ डब्ल्यू-३० किंवा ० डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं घ्या, त्यात आपली अक्कल नको.

आणि पेट्रोल. रिझर्व्हवर महिना काढायची सवय असेल तर मोडा. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा साचून नळीत गोठू शकतो, पण मुख्य कारण म्हणजे हायवेवर अपघाताने रस्ता बंद झाला तर हीटर चालवायला तेच पेट्रोल लागतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी गाडी प्लगला असतानाच आतून गरम करून घ्यावी. थंडीत एका चार्जमध्ये मिळणारे किलोमीटर बरेच घटतात, लांबच्या प्रवासात तो हिशेब आधी करा.

काच आणि आतली वाफ

वायपरचे रबर नोव्हेंबरमध्ये बदला. बर्फाचा अंदाज असेल त्या रात्री ते काचेपासून उभे करून ठेवा, नाहीतर सकाळी काचेला चिकटलेले असतात आणि चालू केले की रबर फाटतं किंवा मोटार जळते. काचेवर गरम पाणी? मुळीच नको. गार काचेवर पडलं की तडा जातो.

आत धरलेल्या वाफेचं आपल्याला नवल नाही, पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात हेच होतं. फरक एवढाच की इथे ती वाफ काचेवर आतून गोठते. उपाय मात्र उलटा वाटतो: हीटर पूर्ण गरम, हवा काचेकडे, बाहेरची हवा आत घेणारं बटण, आणि सोबत एसी चालू. हिवाळ्यात एसी कशाला, असं माझी बायको दर वर्षी विचारते. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून. आतल्या आत हवा फिरवणारं बटण चालू राहिलं तर तुमच्याच श्वासाची वाफ काचेवर बसत राहील.

दारांच्या रबराला सिलिकॉनचा हलका हात फिरवला की दार गोठून चिकटत नाही. कुलूप मोकळं करायचा स्प्रे घेतलात तर तो कोटाच्या खिशात ठेवा. मी पहिला स्प्रे गाडीच्याच कप्प्यात ठेवला होता.

खालून गंज

रस्त्यावरचं मीठ गाडीचा पत्रा खातं. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत खिडकीच्या गजांचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. इथे ते मीठ चाकांनी थेट गाडीच्या पोटावर मारलं जातं. ऑक्टोबरमध्ये खालून तेलाचा फवारा मारून घ्या. हिवाळाभर, तापमान शून्याच्या वर गेलं की खालून धुणाऱ्या वॉशमध्ये गाडी न्या. कडक थंडीत धुतली तर दारं गोठतील. आत कडा उंच असलेल्या रबरी चटया टाका, बुटांचा बर्फ वितळून खारं पाणी साचतं ते कार्पेटमध्ये मुरत नाही.

गाडीत काय ठेवायचं

लांब दांड्याचा ब्रश आणि काच खरवडायचं उलथणं. हे डिकीत नको, मागच्या सीटखाली ठेवा, कारण डिकीच गोठलेली असू शकते. त्याशिवाय छोटं फावडं, केबल, टॉर्च, जाड चादर, जास्तीचे हातमोजे, फोनचा चार्जर. चाक जागीच फिरत राहिलं तर टाकायला वाळू किंवा मांजराच्या शीची दाणेदार माती. घरी मांजर नसलेल्या माणसाने ही पिशवी आणली की दुकानदाराला काही वाटत नाही, सगळे आणतात. खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे. चिक्की ठेवू नका, उणे २० ला ती दगड होते. पाण्याची बाटली पाऊण भरलेली असू द्या, गोठून फुगायला जागा राहते.

बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन तासातून दहा मिनिटं चालवा, पण त्याआधी दर वेळी खाली उतरून मागचा धुराडा बर्फातून मोकळा करा. तो बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा.

लहान मुलं असतील त्यांनी हे लक्षात घ्यावं: फुगीर जाकिटावरून सीटचा पट्टा लावू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जाकीट दबतं आणि पट्टा ढिला पडतो. गाडी आधी गरम करा, जाकीट काढा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला.

पहिल्या बर्फाची सकाळ

नेहमीपेक्षा वीस मिनिटं लवकर उठा. घराच्या गॅरेजमध्ये गाडी असेल तर ती चालू करून आत ठेवू नका, दार उघडं असलं तरी. बाहेर काढा, हीटर लावा आणि साफ करायला टपापासून सुरुवात करा. बरेच जण काचेत ताटाएवढं भोक पाडून निघतात. टपावरचा ढीग पहिल्या ब्रेकला सरकून पुढच्या काचेवर येतो किंवा उडून मागच्याच्या काचेवर जातो. दिवे, नंबरप्लेट, मागचा कॅमेरा, सगळं पुसा. पुढचे दिवसाचे दिवे आपोआप लागलेले दिसतात, पण अनेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे लागत नाहीत, तेव्हा बटण हाताने फिरवा.

मग रस्त्यावर जाण्याआधी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जा. ताशी तीसने जाऊन ब्रेक जोरात दाबा. पायाखाली ब्रेक थडथडेल, कर्रकर्र आवाज येईल. तो बिघाड नाही, एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम चाललंय. पाय उचलायचा नाही. पहिल्यांदाच हे हायवेवर जाणवलं तर माणूस दचकून पाय काढतो. गाडी थांबायला किती जागा खाते तेही तिथेच कळतं. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारं बटण, बर्फात बंद. पूल जमिनीपेक्षा आधी गोठतात. निळे दिवे लुकलुकवत बर्फ काढणारी गाडी पुढे असेल तर तिला ओलांडू नका, तिच्यामागचा रस्ताच सगळ्यात चांगला असतो.

एप्रिलमध्ये तापमान सलग ७ च्या वर राहायला लागलं की हिवाळी टायर काढा, गरमीत ते भराभर झिजतात. काढताना प्रत्येकावर खडूने जागा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुढचे मागे घालता येतात आणि झीज सारखी होते. मी 'डा. पु.', 'उ. मा.' असं लिहितो. टायरवाला पोरगा पंजाबी आहे, आता त्यालाही कळतं.